आमच्यात पूर्ण बाह्याच घालतात

दोष आमच्या अप्पांचा, दुसऱ्या कुणाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेच "बाप हाय रे तो" असं कुणी म्हणायला नको... तुम्हाला सांगतो, भवानी पेठेत मे महिन्यात पत्र्याला हात लावला तर फोड येतो, आणि आमचे अप्पा दुकानात मनगटापर्यंत बटणं लावून बसलेले! काका तसाच, आजा तर तसाच मातीत गेला, आणि मी लहानपणी अर्ध्या बाह्यांचा शर्ट मागितला तर मिळालं काय? मुस्काटीत. "आमच्यात पूर्ण बाह्याच घालतात." मला वाटायचं, आपण लई खानदानी माणसं.

मग कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला माझ्या कोपरांवर तांबडे चट्टे उठले, वर पांढरी खपली, खाजवलं की भुसा. आई, आमची अव्वा, म्हणाली, "अंग घासत न्हाईस." काका म्हणाला, "हाटेलात कुणाचं उष्टं खाल्लंस?" अप्पा दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन माझं नाव काढून आले. वर सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं, "तितल्या पोरांत बसून आणलंय ह्यानं, आमच्या घरात असलं कधी नव्हतं." का? तर माझ्या बहिणीला, चंद्रव्वाला, अक्कलकोटचं स्थळ आलेलं. बाहेरनं आणलेला रोग एकट्या पोराचा, घरातला निघाला तर पोरीचाही की.

मीच त्यांना ओढत डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, "सोरायसिस. शिवून कुणाला लागत नाही. रक्तातनं उतरू शकतं, सगळ्यांना होतंच असं नाही. घरात कुणाला आहे?"

"कुणालाच न्हाय."

"तुमचं कोपर दाखवा बघू."

"आमच्यात पूर्ण बाह्याच..." म्हणत अप्पांनी टेबलावरचा हात मागं घेतला, आणि बाहीतनं काळ्या टेबलावर भुसा सांडला... डॉक्टर भुशाकडं बघतात, मी अप्पांकडं, अप्पा पंख्याकडं.

रस्त्यात विचारलं, "कधीपासनं?"

"तुझ्या वयाचा होतो."

"मग माझं नाव का काढलं?"

"चंद्रव्वाचं लगीन होऊ दे. मग सांगू सगळ्यांना."

झालं लगीन, भर वैशाखात. नवरदेव घामानं निथळतोय, म्हणून मी म्हटलं, "दाजी, बाह्या दुमडा की." त्यानं बापाकडं बघितलं. बाप, गुरुबसप्पा, स्वतःचं मनगटाचं बटण चाचपत म्हणतो, "आमच्यात पूर्ण बाह्याच घालतात."

अप्पांनी माझ्याकडं बघितलंच नाही. वरात गेल्यावर धरलं त्यांना, "आता सांगताय ना?"

"आता तर मुळीच न्हाय. आता दोन घरांची अब्रू हाय."

चंद्रव्वा नांदतीय. माझं कॉलेज गेलं.