‘नंतर’ नावाचा फोल्डर

नाही हो हरीदादा, आधारचं नाही, पॅनकार्डचंही नाही, माझं काम वेगळंय — तुम्ही आधी या भाईंची झेरॉक्स करून द्या, मला घाई नाही. म्हणजे आहे घाई, पण दहा मिनिटांनी झालं तरी चालेल, आजच्या आज झालं म्हणजे बास. डिलीट केलेलं तीस दिवस ठेवतात म्हणे, मग कायमचं जातं — आज एकोणतिसावा. मोजलेत मी. ओळखलंत का मला? दिघाशीचा भाविक. कशेळीला गोडाऊनमध्ये खोक्यांच्या स्कॅनिंगला आहे. नोकरीला लागताना मेल आयडी मागितला होता, तो तुम्हीच काढून दिलात, याच खुर्चीत बसून, आणि पासवर्ड त्या लाल रजिस्टरात लिहून घेतलात, म्हणालात, तुम्ही लोक विसरता आणि मग माझ्याकडेच येता. आलो बघा. नाही, विसरलो नाही, मोबाईलवर खातं चालूच आहे. पण मला बोट लावायची भीती वाटते — तिथं एकाखाली एक दोन बटणं आहेत, वरचं ‘परत आणा’, खालचं ‘कायमचं काढा’, आणि माझं बोट एकदा चुकलेलं आहे. तुमच्याकडे मोठा स्क्रीन आहे, माऊस आहे. तुम्ही केलंत की मला धीर.

काय गेलंय? गाणी. नाही, डीजेची नाही — धवळे. आमच्यात लग्नाला धवलारीण असते ना, ती गाते, हळदीचा वेगळा, तोरणाचा वेगळा, पोरगी घराबाहेर पाऊल टाकते तेव्हाचा वेगळा. आमच्या गावची धवलारीण धोंडूबाई. माझी कोणी लागत नाही, शेजारीण, पण मी आय म्हणतो. सगळाच गाव म्हणतो. तिला अक्षर येत नाही, जे आहे ते तोंडात. म्हटलं हे जाणार एक दिवस — म्हणून दर रविवारी, सुट्टीच्या दिवशी, तिच्या ओटीवर बसून एकेक धवळा मोबाईलमध्ये लिहिला. एका बोटाने. दोन वर्षं. साठ झाले, हरीदादा. ती गायची, मी मान खाली घालून लिहायचो — मला असं कोणाच्या तोंडाकडे बघत बसता येत नाही — तर म्हणायची, "मेल्या, वर बघ तं, मी काय भितीला गातंय?" पण द्यायची. परत परत म्हणून दाखवायची.

मग अनिमेष आला. त्याचे वडील इथं शाळेत मास्तर आहेत, तुमच्या ओळखीचे असतील. कॉलेजात मोठं शिकतो, लोकगीतांवर त्याचं काहीतरी चाललंय. वाईट नाही तो, हे आधीच सांगून ठेवतो. त्यानेच मला सांगितलं, मोबाईल पाण्यात पडला तर साठच्या साठ जातील, हे क्लाऊडवर ठेव. एक फोल्डर बनवला, माझ्या खात्यात, आणि तो त्याच्या लॅपटॉपला जोडला. तेव्हापासून मी गोडाऊनला जेवणाच्या सुट्टीत एक ओळ नीट केली की इकडे त्याच्याकडे ती नीट झालेली असायची. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू. मुद्दाम एक शब्द पुसून परत लिहायचो, तिकडे हलतोय का बघायला, तर तो खाली लिहायचा — ‘भाविक, आधी जेव.’

पण मग तो कामाच्या दिवशी जायला लागला. मी ड्युटीवर, आणि हा आयच्या ओटीवर. बुधवारी गेला, शुक्रवारी गेला. मला आमच्या आईकडून कळायचं — मास्तरांचा पोर आलेला, आयनं त्याला भाकरी केली, सुक्या बोंबलाची चटणी केली. मला दोन वर्षांत कोरा चहा, हरीदादा. मी तिला मशेरी आणून द्यायचो, तिच्या गोळ्या आणायचो, गॅसची टाकी आत नेऊन ठेवायचो — कोरा चहा. याला पहिल्या महिन्यात बोंबील. आई म्हणाली, तो काही लिहीत नव्हता, रेकॉर्डर बाजूला ठेवून नुसता तिच्या तोंडाकडे बघत बसला होता. मी म्हटलं, त्यात काय मोठं, बघायला कोणालाही येतं. — हो, ते मलाच येत नाही, म्हणालो मघाशी. तुम्ही लॉगिन करा ना. नंबर आला असेल माझ्या मोबाईलवर, थांबा, सांगतो — चार, शून्य, नऊ, नऊ, दोन, सहा.

तर सांगत काय होतो — साठ दिले तिने, पण एक दिला नव्हता. नवऱ्या मुलाचा धवळा. तो घराघराचा वेगळा असतो, त्यात त्या मुलाचे कुळदेव, आजा, बाप, सगळे नावानिशी येतात. किती मागितला मी. म्हणायची, "तो न्हाय. मांडव उभा ऱ्हायल्याबिगर तो तोंडातून काढायचा न्हाय. आनं नवऱ्यानं तं मांडवाआधी ऐकूच नये." बरं, म्हटलं, रीत आहे तर आहे, मी काय जबरदस्ती करणार. आणि एका बुधवारी, दुपारी, कंटेनर लागला होता, हातात स्कॅनर — खिशात मोबाईल वाजला. फोल्डरमध्ये नवीन काहीतरी. बघतो तर माझ्याच फोल्डरच्या आत अनिमेषने आणखी एक फोल्डर केलेला, त्याचं नाव ‘नंतर’. त्यात एक आवाजाची फाईल. अकरा मिनिटं. मी रॅकमागे जाऊन एका कानात लावलं. आधी आयचा आवाज — "भाविक न्हाय ना रं भायेर?" आणि हा म्हणतो, "नाही आय, तो ड्युटीवर आहे." आय म्हणतो तो तिला. ती म्हणते, "बरा झाला. दार लाव. आता नवऱ्याचा धवळा घे." मी तिथंच बंद केलं. दहा सेकंद ऐकलं असेल. तुम्हीच सांगा, मी नाही ना याची खात्री करून घेतली तिने. कुठं होता मांडव? तेव्हा कुठं गेली रीत? आणि नंतर म्हणजे काय हो? नंतर म्हणजे पुस्तक काढणार, वर आपलं नाव टाकणार, आणि आत कुठेतरी बारीक अक्षरात — साहाय्य, भाविक. असंच ना?

सापडलं? तेच, तेच, हाच फोल्डर. हात नका लावू अजून. काय दाखवतंय — हो, माझ्याच मोबाईलवरून गेलंय, मी कुठं नाही म्हणतोय. बोट चुकलं म्हणालो ना. — एका बोटाने जात नाही? बरोबर आहे. दाबून धरावं लागतं, मग कचऱ्याच्या डब्याचं चित्र, मग ते विचारतं, ज्यांना दिलंय त्यांच्याकडूनही जाईल, खात्री आहे का. विचारतं, हो. नववीपर्यंत शिकलोय, तेवढं वाचता येतं. मला वाटलं, त्यांच्याकडून म्हणजे त्याच्याकडून. माझं माझ्याजवळ राहील. मी माझ्या बोटाने लिहिलेलं माझ्या मोबाईलमधून कशाला जाईल? तसं नसतं हे मला रॅकमागे उभं राहून कळलं. एकच असतं ते, वर कुठेतरी, आपण दोघं नुसते खालून बघत असतो. मोबाईल बघतो तर रिकामा. साठ गेले, एक गेला, सगळं.

तेव्हाच का नाही आणलं परत — आणणार होतो. पण संध्याकाळी तो आला स्कूटरवरून, तोंड उतरलेलं. म्हणाला, भाविक, माझ्याकडूनच काहीतरी झालं, मी फोल्डर इकडचे तिकडे करत होतो, तू तुझ्या मोबाईलचा डबा बघ. मी म्हटलं, बघितला, काही नाही. असंच निघून गेलं तोंडातून. मग तो म्हणाला, साठ तू परत लिहिशील, तुझे पाठ आहेत, पण त्या एकाचं मी काय करू, रेकॉर्डर कॉलेजचा होता, पुसून परत दिला मी. बघा — माझ्या साठाचं काही नाही, त्याला त्याच्या एकाचं पडलेलं. आणि मला बरं वाटलं. रडकुंडीला आला होता तो आणि मला बरं वाटलं, हरीदादा. म्हटलं, जा आता, घे परत दार लावून.

नाही घेता आला. आठ दिवसांनी आयला अर्धांगवायू झाला. तोंड वाकडं झालं, जीभ वळत नाही. नुसता हात उचलते. मी जातो ना बसायला, तर माझ्या खिशाकडे बोट करते, मोबाईलकडे, आणि डोळ्यांतून पाणी. मला वाटतं, लिही म्हणते. काय लिहू, आवाज कुठंय. आणि रविवारी निशाचं लग्न, तिच्या नातीचं. काल निशा म्हणाली, भाविकदादा, आय गाणार नाही, तू तरी वाचून दाखव बायकांना, तुझ्याकडे सगळे आहेत. अनिमेषने तिला सांगितलेलंच नाही. माझी लाज राखली की स्वतःची, माहीत नाही. — माझं लग्न? माझं कसलं हो. दोन ठिकाणी बघून झालं, पोरीसमोर बसलो की मान वर होत नाही. आय चिडवायची, तुझ्या मांडवाची वाट बघता बघता मीच जायन.

दाबा आता. वरचं. वरचंच ना? — आले? एकसष्ट? मोजा ना. बसतो जरा. नाही, पाणी नको.

गेली लाईट. तुमचं चालू आहे ना, इन्व्हर्टरवर? बरं झालं, शेजारचे पॉवरलूम थांबले, तेवढाच कानाला आराम. दादा, ती ‘नंतर’मधली तेवढी लावून बघा, शाबूत आहे का. पूर्ण नको. मला ऐकायची हौस नाही, दुसऱ्याला दिलेलं आहे ते. थोडं लावा.

ऐकलंत? ‘भाविक न्हाय ना रं भायेर’ — तेच हे. आता ‘दार लाव’ म्हणेल. म्हणाली. इथंच मी बंद — थांबा. पुढे काय म्हणाली? मागे घ्या जरा. ‘आज्याचा नाव महादू, बापाचा रामनाथ, नीट ध्यानात ठेव.’ महादू माझा आजा. माझे बाबा रामनाथ. हे माझ्या घरचं — कोणाला सांगतेय ती हे? — ‘मी त्यवढी वर्सं काय जगत न्हाय. त्याच्या मांडवात लाव. तवर त्याला दावू नको, लाजंल मेला.’

बंद करा. बंद करा हरीदादा, ती आता सुरू करेल. नवऱ्याने मांडवाआधी ऐकायचं नसतं.

नाही, नाव बदलू नका. ‘नंतर’च राहू द्या. अनिमेषला मी सांगतो. फोनवर नाही, जाऊन सांगतो.

भाईसाब, आगे आओ आप. मेरा हो गया.