शकुनच्या पोराचं झाड

पुण्याची नोकरी सोडून गावी आल्याचा पस्तावा होते का, असं तुम्ही विचारता ना, मंग माझी इथली पहिलीच सकाळ ऐका. आमच्या कुरखेड्याकडे जंगलातलं मोहाचं एकेक झाड एकेका घरचं असते. दुसऱ्यानं तिथली फुलं वेचायची नाई. आई गेल्यावर आठ वर्षं आमच्या झाडाकडे कोणी फिरकलंच नसेल, असं मी समजून होतो. टोपली घेऊन गेलो, ओंजळभर फुलं वेचली, तर मागून आवाज आला.

"कोण रे तू? ठेव ते फुलं खाली! हे झाड शकुनच्या पोराचं आहे. तो पुण्याले राह्यते."

आमच्या शेजारची म्हातारी शेवंताबाई होती.

"बाई, शकुनचा पोरगा मीच आहो."

तिनं जवळ येऊन निरखून पाहिलं. "मंग एवढी दाढी काऊन वाढवली?"

मी खाली पाहिलं. झाडाखालची जमीन अंगणासारखी साफ होती.

"बाई, इथला पाला कोणी झाडला?"

"मीच. दरसाल झाडून ठेवलं. तुह्या मायचं झाड आहे."

"अन् आठ वर्षांची फुलं?"

"ते बी मीच वेचले. वाया जाऊ द्याचे का?"

मले हसू आवरेना. तिनं मात्र हातातला खराटा माझ्या हातात कोंबला.

"आता तू आला. उद्यापासून तूच झाडजो. पण उजाडायच्या आत येजो बापा, नाई तं मी वेचून टाकीन. मले आठ वर्षांची सवय आहे."