मान त्याच्या हातात

परदेशातल्या त्या दवाखान्यात एक जण हाताने दाबून मणके जाग्यावर बसवून देई. माझ्या मागच्या बाकावर एक आजोबा आणि या देशात नवीन आलेली एक बाई मराठीत बोलत होते.

"कुणाला खरं वाटणार नाही पोरी, पण माझी मान पार पाठीकडे फिरली होती. चालायचो पुढे, दिसायचं मागचं!"

"काहीतरीच तुमचं, आजोबा!"

"याने कडकन आवाज काढला आणि मान जाग्यावर. मागून बायको येतेय का, ते दिसायचं बंद झालं. तेवढीच गैरसोय."

"हसवू नका हो, मानेतून हातापर्यंत कळ जाते. हातातून कप निसटतो माझ्या. चुकीची नस दबली तर हात कायमचा जायचा. माणूस भरवशाचा आहे ना?"

"अगं, आपल्या भाषेत बोलतो तो! कळ वेगळी, ठणका वेगळा, हे इथल्या डॉक्टरांना कसं सांगशील?"

"नाहीच सांगता आलं. नुसतं 'दुखतं' म्हणून परत आले."

"मग? डोळे मिटून मान दे त्याच्या हातात."

"बरं. हेच एकदा माझ्याकडे बघून सांगा."

बाक करकरला. काठी आपटली. आजोबा उठून उभे राहिले असावेत.

"हे बघ, सांगतो."

"आजोबा, तुम्ही अख्खे वळलात. मान कुठे वळली?"