भरकटलेला देठ

मावशी : ती पेटी उघडू नकोस म्हटलं ना. वास मारतोय मेला.

भाची : डांबरगोळ्यांचा आहे. वाचनालयाच्या बाईंना भिंतीवरच्या भरतकामाचं चित्र उद्या सकाळी दाखवायचंय, आणि तू महिनाभर कोऱ्या कागदापुढे बसून आहेस. इथे तुझं तीस वर्षांचं काम पडलंय. त्यातनंच काहीतरी सुचेल.

मावशी : सुचायचंय काय? उद्या जाऊन नाही म्हणून सांगणार आहे. सुया, दोरे सगळं तू घेऊन जा. मला पुरे झालं.

भाची : आधी बघू तरी. ही बदकं कधीची?

मावशी : शी. पापण्या आहेत त्यांना. बदकाला पापण्या काढणाऱ्या बाईकडे भिंतभर काम मागताहेत, कमाल आहे त्यांची.

भाची : अभ्रे. गुलाब.

मावशी : पुढे?

भाची : गुलाब.

मावशी : त्याखालीही गुलाबच असणार. पुस्तकातनं कार्बनने छापायचा आणि रेघेवरनं मुकाट चालायचं. घरात काहीही होवो, बाईसाहेबांचा गुलाब जागच्या जागी. बघून मळमळतं मला.

भाची : टाके सुरेख आहेत गं.

मावशी : टाके काय चाटायचेत? ठेव ते.

भाची : आणि हे तळाशी काय कोंबलंयस? अर्धवट टेबलक्लॉथ आहे. मागे निळं कापड कसलं शिवलंय? अस्तर?

मावशी : आण इकडे. कचऱ्यात जायचंय ते.

भाची : थांब. कडा किती वेड्यावाकड्या कापल्यात याच्या.

मावशी : माझा कुर्ता आहे तो. मांडीवर घेऊन भरत होते. सुई खालच्या कुर्त्यातनं जात राहिली, तासभर. नर्सने हाक मारली, उठले तर सगळं धूड माझ्याबरोबर उठलं. मग तिच्याच कात्रीने कुर्ता कापला.

भाची : कुठली नर्स?

मावशी : तुझी आई गेली त्या दिवशीची.

(भाची कापड उलटसुलट करून बघत राहते.)

भाची : हे कधी बोलली नाहीस.

मावशी : काय बोलू? सहा वर्षांची तू, शेजारणीकडे ठेवलेली. सख्खी बहीण आत शेवटच्या घटका मोजतेय, आणि ही बया बाहेर बाकावर बसून गुलाब भरतेय. किळस येते मला माझी. म्हणून तळाशी घातलं ते.

भाची : पण तू गुलाब कुठे भरत होतीस? हा देठ बघ. छापलेली रेघ राहिली इकडे, टाके चाललेत भलतीकडेच.

मावशी : लक्ष नव्हतं.

भाची : कुठे होतं?

मावशी : समोरच्या बाकावर. माणसांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, म्हणून पाय बघत बसले होते. एक जण बूट काढून अंगठा दुसऱ्या पायावर घासत होता. एका म्हातारीचे पाय जमिनीला टेकत नव्हते. तिच्या शेजारची बाई चपलेचा पट्टा लावायची, सोडायची, परत लावायची. नखं वाढलेली, काळी.

भाची : पंचवीस वर्षं झाली, मावशी. त्या बदकांचा रंग आठवतो का तुला असा?

मावशी : बदकं गेली खड्ड्यात.

भाची : वाचनालयातही टेबलाखाली असेच पाय असतील.

मावशी : म्हणजे भिंतीवर पाय टांगायचे? भेगाळलेले, घाणेरडे? नाक मुरडतील त्या बाई.

भाची : मुरडू देत. तू गुलाबांना मुरडतेसच की.

मावशी : कार्बन चालणार नाही त्याला. टाचेच्या भेगा छापून येत नाहीत. त्या हातानेच काढाव्या लागतील, आणि दोरा एकपदरी लागेल.

भाची : ही घे पेन्सिल. म्हातारीपासून सुरू करतेस?

मावशी : नको. आत गेले तेव्हा तुझ्या आईचे पाय चादरीबाहेर होते. ते झाकायचे राहून गेले माझ्याकडून. ते आधी.