पहिल्या क्रेटातला पेरू

मी नगरकडल्या कर्जतचा, शाळा दुसरीपोत्तर, पन पेरूचं झाड मला जेवढं कळतं तेवढं आमच्या भागात कुनाला कळत न्हाई, हे मी तोंडावर सांगतो. माळ फोडून बाग लावली ती मी आनि आमच्या म्हातारीनं, म्हंजे माझ्या बायकुनं. तवापास्नं रिवाज हाय, टेम्पो भरायच्या आधी पहिल्या क्रेटातला पेरू तिनं चाखायचा, तिनं मान हलवली की गाडी हलायची.

आता काय सांगू तुमाला, पेरू तोडताना देठाजवळ चीर पडती, तिथनं बुरशी शिरती, आनि पुन्याच्या बाजारात जाईस्तवर फळ काळं. मग आमची सून शोभा, शेतकी शिकलेली, तिनं यीस्टची पूड आनली. मी म्हनलो हे तर पाव फुगवायचं खमीर. ती म्हनली आबा, त्याच्याच भाऊबंदातलं, जितं हाय, पान्यात कालवून फळं बुडवायची, ते चिरंवर आधी जाऊन बसतं, मागनं आलेल्या बुरशीला जागाच ऱ्हात न्हाई. म्हनलो म्हंजे एस्टीत रुमाल टाकल्यागत. व्हय म्हनली, पन बुरशीच्या औषधात कालवू नका, मरंल, आनि सडलेल्या फळाला त्याचा उपेग न्हाई.

सड कमी झाली, खोटं कशाला बोलू. पन त्याच साली म्हातारीला कॅन्सर निघाला, नगरला किमोच्या सुया चालू झाल्या. डॉक्टर म्हनले अंगात झुंजायची ताकद न्हाई, बुरशीपास्नं, कच्च्या खान्यापास्नं जपा. झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला. फळावर जितं बसलंय, ते हिच्या अंगात जाऊन बसलं तर? शोभा म्हनली धडधाकट मानसाला काय न्हाई, दुबळ्याला कवातरी बाधतं म्हनत्यात, मला ठाम न्हाई सांगता यायचं. पूड इकनाऱ्याला फोन लावला, तो म्हनला एकदम सेफ. म्हनलो कुनाला, तर फोन कट.

तवापास्नं मला बसवंना का उठवंना. फळं बुडवायचा टब पडवीतनं उचलून बांधाकडं नेला. एक बुडवलेला पेरू सोता कच्चा खाल्ला, काय झालं न्हाई, पन मी बाभळीचं खोड, माझ्यावरनं तिचं काय कळनार.

परवा टेम्पो आला. कच्चा तर कच्चा, पन पूड न लागलेला म्हनून मी गुपचूप झाडावरचा ताजा पेरू तोडून तिच्या हातात दिला. तिनं नुसता हातात धरला आनि म्हनली, हा उन्हानं गरम हाय, क्रेटातला सावलीतला गार असतो, मला येडी समजता व्हय. म्हनलो तो तुला सोसायचा न्हाई. म्हनली मग गाडीबी जायची न्हाई. डायवर हारन वाजवतोय, आमी दोघं एकमेकाकडं बघतोय. मग तीच म्हनली, अहो, जितं हाय ना ते, चुलीवर किती येळ जितं ऱ्हाईल. तिनं क्रेटातला पेरू धुतला, चिरला, गूळ घालून रटरटा शिजवला, चाखला, मान हलवली.

आता दर गाडीला तसंच. मी चुलीपशी हुभा, सांगितल्याबिगर पातेलं उतरू देत न्हाई. ती म्हनती करपलं की, म्हनतो करपू दे. खाल्ल्यावर सारखा तिच्या तोंडाकडं बघतो, ती म्हनती तिकडं बघा, गाडी भरा. गाडी भरतो, पन ध्यान इकडंच. उशीर हुतो तर हुऊ द्या. पुढच्या बहाराला तिनंच मान हलवावी, बास.