पट्टा लगेच थांबवला होता

अंडी फोडून पावडर करण्याच्या कारखान्यात कामावर असतानाच आई कोसळली आणि गेली, त्याला महिना झाला होता. आज तिचे गमबूट आणि डबा गेटवरून घेऊन मुलगी परतीच्या बसमध्ये बसली. पुढच्या बाकावर त्याच कारखान्यातली पाळी संपवून आलेल्या दोघीजणी येऊन टेकल्या. एक वयस्कर, एक तरुण.

"काकू, पेपर वाचलात? देशात अंड्याच्या पावडरीचं उत्पादन म्हणे वाढतच चाललंय."

"वाढेल नाहीतर काय! पूर्वी अंडी वाहणारा पट्टा चालायचा, आता धावतो. नासकं अंडं नजरेला पडेपर्यंत टाकीत गेलेलं असतं."

"साहेबांनी मिठाई वाटली. तुम्ही हातसुद्धा लावला नाहीत."

"घशाखाली उतरली नसती गं. महिन्यापूर्वी ती बाई माझ्या शेजारीच पडली होती ना. मी ओरडले, पट्टा थांबवा! साहेब म्हणाले, आधी टाकी भरू दे, तिला बाजूला घ्या."

"मग?"

"मग काय? भिंतीशी निजवलं तिला, आणि तिच्या वाटची अंडीही मीच बघत बसले. टाकी भरली तोवर बाई गार पडली होती."

"आणि घरच्यांना सांगितलं, पट्टा लगेच थांबवला म्हणून."

"मलाच सांगायला लावलं फोनवर. तिची लेक रडत रडत माझे आभार मानत होती."

जरा वेळाने वयस्कर बाई मागे वळली.

"ताई, खिडकी उघडू का? आमच्या अंगाला अंड्यांचा वास येतो."

"राहू द्या, काकू. आईच्याही अंगाला यायचा."