तात्यांची आरोळी

चहा घ्या, सांगतो. लढाईच्या काळात आमचा साताऱ्याचा संघ सांगलीला फुटबॉल खेळायला गेला. आमचा दोस्त बापू एरवी मैदान दणाणून सोडायचा. पण तो पलटणीबरोबर ब्रह्मदेशात गेलेला आणि कित्येक महिने त्याची खबर नव्हती. त्या दिवशी त्याचे वडील, तात्या, आमच्यासोबत आले.

मॅच रंगली तसं त्यांनी विचारलं, "आमचा बापू काय म्हणून वरडायचा रं?"

"'हाण गड्या!' म्हणायचा."

म्हातारा उभा राहिला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "हाण गड्या!"

नेमका चेंडू सांगलीकरांकडे होता. त्यांनी गोल केला, टोप्या उडवल्या.

मी म्हणालो, "आवं तात्या, ती आपली पोरं न्हाईत!"

तात्या डोळे पुसत म्हणाले, "आसू दे रं. कुनाची तरी हायत न्हवं?"